अठ्ठ्याण्णव टक्के – पण कशाचे?

२०२०-२१च्या कोरोना साथीत पल्स ऑक्सिमीटर भुसावळसारख्या गावांत घरोघरी पोहोचला. साथ ओसरली, पण ‘९८ दाखवतंय, म्हणजे ठीक आहे’ हा निर्वाळा मागे राहिला. उपकरण उपयुक्तच आहे. आमचा आक्षेप या निर्वाळ्यावर आहे.

जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४मध्ये मांडलेले त्याचे तत्त्व सोपे आहे. आजच्या चिमट्यातून सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून जातो. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते, ऑक्सिजनविरहित जास्त. अवरक्ताच्या बाबतीत उलट. नाडीच्या ठोक्यागणिक बदलणाऱ्या शोषणावरून ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनची टक्केवारी काढली जाते.

मात्र मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे हे यंत्र सांगत नाही. वर्गात हिशेब करून पाहा. १ ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. १०० मिलिलिटर रक्तात ते १४ ग्रॅम असेल, तर ९८ टक्क्यांना ऑक्सिजन भरतो सुमारे १८.४ मिलिलिटर, ६ ग्रॅम असेल, तर जेमतेम ७.९. पडद्यावर दोन्ही वेळा ९८च!

खानदेशात हा फरक केवळ पुस्तकी नाही. यावल-रावेरपासून नंदुरबारपर्यंत सातपुड्याच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल आढळतो. धाप लागलेल्या, फिकट दिसणाऱ्या मुलाला ९८ पाहून वर्गात परत बसवणे त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याचे हिमोग्लोबिन मोजायला हवे आणि सिकलसेलची तपासणीही व्हायला हवी. तिची पहिली चाचणीही प्रकाशाचीच आहे : सिकल हिमोग्लोबिन असल्यास द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात. पक्के निदान त्यापुढच्या इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीने होते.

दुसरा आक्षेप त्वचेच्या रंगाबाबत. डिसेंबर २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, ऑक्सिजनची कमतरता यंत्राच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळले. गार पडलेली बोटे, नखांचा रंग आणि कडक ऊन यांनीही आकडा चुकू शकतो.

लोलकातून सप्तरंग दाखवून आपण बहुधा थांबतो. कोणता पदार्थ कोणता प्रकाश शोषतो, हा पुढचा प्रश्न राहून जातो. शिक्षकांनी तो विचारावा, आणि त्याच तासाला आणखी एक : टक्के कशाचे?