जुळवायचं काय? लांब केबल आणि आपली मैफल

मंडळी, कुरुंदवाडात आवाजाविषयी बोलायचं तर विष्णु दिगंबर पलुस्करांपासूनच सुरुवात करावी लागते. १८७२ साली ते इथे जन्मले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. दरबारातलं गाणं त्यांनी तिकीट काढून येणाऱ्या लोकांपुढे आणलं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो गवयानेच. आज ते काम वायरीकडे आहे, पण आपली संगीतसमीक्षा वायरीकडे बघायला तयार नाही. तंबोरा पातळ लागला, डग्ग्यात गोळाई नव्हती, असं परीक्षणात छापून येतं आणि दोष कलाकाराच्या माथी बसतो. आमचं म्हणणं असं, की यातलं कित्येकदा केबलचं परीक्षण असतं.

दुसरी तक्रार साउंडवाल्यांच्या एका लाडक्या मंत्राबद्दल आहे: 'इम्पिडन्स मॅच करा.' इम्पिडन्स म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण अडथळा. तो ओहममध्ये मोजतात. हा मंत्र टेलिफोनकडून आला. तिथे मैलोगणती तारा. पलीकडे होईल तेवढी शक्ती पोचायला हवी आणि टोकावर आपटून संदेश मागे फिरायला नको. म्हणून ६०० ओहमपुढे ६०० ओहम. तिथे ते रास्तच होतं. पण केबलमध्ये संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे २० हजार हर्ट्झच्या, कानाच्या वरच्या टोकाच्या आवाजाचीही तरंगलांबी तारेत सुमारे १० किलोमीटर भरते. आता समजा, इथल्या घाटावर मैफल ठेवली आणि मिक्सर मंचापासून १०० मीटर लांब नेला. तरी संदेश मागे फिरण्याची काळजी करायचं कारण नाही.

मग नियम काय? देणारा दणकट असावा आणि घेणारा अल्पाहारी. मायक्रोफोनचा इम्पिडन्स साधारण १५० ओहम, तर मिक्सरच्या इनपुटचा किमान दहापट, म्हणजे १५०० ओहम किंवा जास्त. दोन्ही सारखे 'जुळवले' तर निम्मा व्होल्टेज आपण होऊन घालवला! लांब केबलची खरी अडचण तिच्या कपॅसिटन्सची आहे. तो मीटरला १०० पिकोफॅरड धरा. १५० ओहमच्या मायक्रोफोनला १०० मीटर केबल लावली, तरी उतार सुरू होतो १ लाख हर्ट्झच्या पुढे. पण देणाराच ५० हजार ओहमचा असेल, तर अवघ्या १० मीटरमध्ये ३ हजार हर्ट्झच्या वरचं तेज झडायला लागतं.

मिरजेच्या तंबोऱ्याचं उदाहरण घ्या. कारागीर जवारी लावतो ती स्वरांश फुलावेत म्हणून. त्या तंबोऱ्याला कुणी पिझो पिकअप चिकटवतो आणि वायर थेट मायक्रोफोनच्या इनपुटला खोचतो. पिकअपचा कपॅसिटन्स १५ नॅनोफॅरड आणि इनपुट २ हजार ओहम असेल, तर साधारण ५ हजार हर्ट्झच्या खालचं सगळं क्रमाक्रमाने गळतं. खर्ज तर जवळजवळ जातोच. उरते नुसती किरकिर. तोच पिकअप १० लाख ओहमच्या इनपुटला लावला की खर्ज परत येतो. त्यासाठी पिकअपशेजारीच तसं इनपुट असलेला, बॅटरीवर चालणारा डीआय बॉक्स ठेवायचा आणि पुढची लांब केबल त्याच्याकडून चालवायची. तंबोरा तोच, वाजवणारा तोच.

स्पीकरच्या वायरीचं गणित वेगळं. तिथे खरोखर शक्ती वाहून न्यायची असते. १ चौरस मिलिमीटरची वायर ६० मीटर नेली, तर जाऊन-येऊन २ ओहम रोध होतो. ८ ओहमच्या स्पीकरला मिळायच्या शक्तीतली तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी झाली. शिवाय अॅम्प्लिफायरची स्पीकरवरची पकड सुटते, आणि डग्ग्याची मींड सैल ऐकू येते. उपाय साधा: अॅम्प्लिफायर स्पीकरजवळ नेणं, किंवा जाड वायर. भोंग्यांसाठी १०० व्होल्टची लाइन असते. लांबवर वीज उच्च दाबाने नेतात, तीच युक्ती. त्या पेटीला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर म्हणतात खरं, पण बघायचं एवढंच की सगळ्या भोंग्यांच्या वॅटची बेरीज अॅम्प्लिफायरच्या पलीकडे जाऊ नये.

म्हणजे जुळवणं कुठेच नको का? हवं ना! डिजिटल संदेश मेगाहर्ट्झमध्ये धावतो; तिथे ११० ओहमची केबल ११० ओहमलाच लावावी. आणि बॅलन्स्ड केबलमधल्या दोन तारांचा इम्पिडन्स एकमेकींशी जुळलेला हवा. जनरेटरची, दिव्यांच्या डिमरची गुणगुण दोन्ही तारांवर सारखी बसली, तरच ती मिक्सरमध्ये वजा होते. एका तारेचा टाका कच्चा असेल तर हिशेब बिघडतो आणि गुणगुण षड्जाच्या शेजारी येऊन बसते.

परीक्षण लिहिणाऱ्यांनी सोल्डरिंग शिकावं, असं आम्ही म्हणत नाही. पण गाण्यावर मत देण्याआधी मध्यंतरात मिक्सरपाशी जाऊन दोन प्रश्न विचारावेत: तंबोऱ्याचा आवाज कशातून घेतलाय, आणि स्पीकरची वायर किती लांब आहे? उत्तर मिळालं तर तेही परीक्षणात लिहावं. आयोजकांनीही बॅनरचा खर्च ठरवताना वायरीचा आकडा त्याच कागदावर मांडावा. मैफलीला येणाऱ्या तरुण तंबोरावादकाचं नाव एका ओळीत बिघडू शकतं. आणि ती ओळ लिहिणाऱ्याला ही चौकशी करायला पाच मिनिटं पुरतात.