आद्याक्षरी संक्षेपांचा अर्थ : 'एलओएल'च्या निमित्ताने

इंटरनेटवरील संक्षेपांच्या ज्या याद्या विद्यार्थ्यांच्या हाती पडतात, त्यांत मूळ शब्द म्हणजेच अर्थ, असे गृहीत धरलेले असते. 'एलओएल' म्हणजे 'लाफिंग आउट लाउड', मोठ्याने हसणे, विषय संपला! २०१२ मध्ये ब्रिटनमधील लेव्हिसन चौकशीत रेबेका ब्रुक्स यांनी साक्ष दिली की, पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून कधीकधी संदेशाच्या शेवटी 'एलओएल' लिहीत, तेही 'लॉट्स ऑफ लव्ह' या समजुतीने. या प्रसंगावर पुष्कळ हसे झाले. परंतु यादीतला अर्थ ठाऊक असणाराही आज ते लिहिताना हसत असतोच असे नाही. 'उशीर होतोय एलओएल' यात विनोद कोणता?

भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्हॉर्टर यांनी २०१३ मधील व्याख्यानात 'एलओएल' हा सहभाव दर्शविणारा निपात ठरविला. मराठीच्या अध्यापकाला हे नवे वाटू नये. 'बरे का' हे पालुपद मराठी व्याकरणात पादपूरणार्थ केवलप्रयोगी अव्ययांत मोडते. त्याचा शब्दशः अर्थ कोणी विचारीत नाही. (संक्षेपांचे खापर मोबाइलवर फोडणेही व्यर्थ आहे, 'ओएमजी' हे रूप ॲडमिरल फिशर यांनी १९१७ मध्ये चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळते.)

मात्र केवळ सहभावाने उलगडा पुरा होत नाही. एखाद्याच्या चुकीवर बोट ठेवून पुढे 'एलओएल' लिहिले की तेच कुत्सित होते. जवळच्या मित्राने लिहिले तर थट्टा ठरते. 'पूर्ण रूप लिहा' या प्रश्नाच्या उत्तरात हा फरक कोठेच उतरत नाही.