मोकळी पायरी : सॅन होझेचा पुतळा काय सांगतो, काय सांगत नाही



एखादं विद्यापीठ आपल्या कृष्णवर्णीय पदवीधरांनी खेळात केलेल्या पराक्रमाचा गौरव करतं, तेव्हा तो गौरव नेमका कशाचा असतो? पळणाऱ्याचा, की ज्या संस्थेच्या नावानं तो पळाला त्या संस्थेचा? आजच्या व्याख्यानात आपण हा प्रश्न घेऊ. अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना मानतात. त्या महिन्यात विद्यापीठांत जुने फोटो बाहेर येतात, पदकांच्या याद्या लागतात, भाषणं होतात. त्या सगळ्याचा आढावा घ्यायला आज वेळ नाही. आपण एकच स्मारक नीट बघू : कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे स्टेट विद्यापीठातला टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांचा पुतळा. अशा स्मारकांमध्ये आम्हाला तो सर्वांत चांगला वाटतो, आणि चांगल्या कामाचीच कठोर तपासणी करण्यात अर्थ असतो.

तो प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना फोटोमुळे माहीत आहे. १६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको सिटी ऑलिम्पिक, पुरुषांची २०० मीटर शर्यत. स्मिथ १९.८३ सेकंदांत पहिले आले, तो विश्वविक्रम होता. ऑस्ट्रेलियाचे पीटर नॉर्मन दुसरे, कार्लोस तिसरे. पदक घ्यायला स्मिथ आणि कार्लोस बूट काढून, काळ्या मोज्यांवर आले. तो कृष्णवर्णीयांच्या गरिबीचा उल्लेख होता. कार्लोसच्या गळ्यातले मणी झुंडींनी ठार मारलेल्या माणसांसाठी होते. राष्ट्रगीत सुरू झालं तशा दोघांच्या माना खाली गेल्या आणि काळे हातमोजे घातलेल्या मुठी वर गेल्या. हातमोज्यांची जोडी एकच होती, म्हणून स्मिथची उजवी मूठ आणि कार्लोसची डावी. तिघांच्याही छातीवर मानवी हक्कांसाठीच्या ऑलिम्पिक प्रकल्पाचा बिल्ला होता. ४८ तासांच्या आत दोघांना अमेरिकेच्या संघातून आणि ऑलिम्पिक ग्राममधून बाहेर काढलं. त्यांची पदकं काढून घेतली असं पुष्कळदा सांगितलं जातं, ते खरं नाही. पदकं त्यांच्याकडेच राहिली. गेलं ते पुढचं आयुष्य : धमक्या आल्या, काम मिळेना, धावण्याची उत्तम वर्षं संपून गेली.

आता पुतळ्याकडे येऊ. तो २००५ साली उभा राहिला, म्हणजे ३७ वर्षांनी. पुढाकार होता विद्यार्थ्यांचा, ही गोष्ट लक्षात ठेवा. शिल्पकार आहेत रिगो २३ या नावानं काम करणारे, पोर्तुगालमध्ये जन्मलेले कलावंत. उंची सुमारे २२ फूट. आत पोलादाचा सांगाडा, त्यावर फायबरग्लास आणि वरून सिरॅमिक टाइल्सचे तुकडे. ब्राँझचा पुतळा बघायची सवय असलेल्या डोळ्याला हे आधी थोडं विचित्र वाटतं. पण रंगीत तुकड्यांमुळे निळे जॅकेट, काळे मोजे, हातमोजे वेगवेगळे दिसतात, आणि जो निषेध मुळातच कपड्यांच्या तपशिलातून केला होता तो त्या तपशिलांसकट उरतो. ब्राँझमध्ये सगळं एकाच रंगात बुडालं असतं. माध्यमाची ही निवड आम्हाला फार योग्य वाटते.

दुसरी मोठी निवड म्हणजे विजयमंचाची दुसऱ्या क्रमांकाची पायरी. ती मोकळी आहे, नॉर्मन तिथं नाहीत. गोऱ्या माणसाला वगळलं, असा आक्षेप काहींनी घेतला. पण आपली जागा मोकळी ठेवा, येणाऱ्याला तिथं उभं राहता येऊ द्या, असं नॉर्मन यांनीच सांगितलं होतं. त्या जागी त्यांच्या नावाची पाटी आहे आणि भूमिका घ्या असं आवाहन आहे. लोक पायरी चढतात, उभे राहतात, फोटो काढतात. स्मारकाला हात लावू नका असं सांगणाऱ्या जगात इथं चढायचं निमंत्रण आहे. यात कल्पकता आहे आणि माणुसकीही आहे.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की हा पुतळा मेक्सिको सिटीतला एक क्षण जसाच्या तसा उचलून सॅन होझेत आणून ठेवतो. बघणाऱ्याला वाटतं, भांडण होतं ते दोन खेळाडू आणि अमेरिकेचा झेंडा यांचं, किंवा दोन खेळाडू आणि ऑलिम्पिक समितीचं. ज्या आवारात पुतळा आहे, ते आवार या भांडणात कुठेच दिसत नाही. आणि भांडण सुरू झालं होतं त्याच आवारात.

सप्टेंबर १९६७. सॅन होझे स्टेट तेव्हा कॉलेज होतं. हॅरी एडवर्ड्स तिथं समाजशास्त्र शिकवत होते. ते तिथलेच १९६४ चे पदवीधर, विद्यार्थी असताना थाळीफेक आणि बास्केटबॉल खेळलेले. कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थी मूठभर, आणि त्यातले बहुतेक खेळाडू. मैदानावर ते हवे होते, पण कॉलेजच्या आसपास भाड्यानं खोली मागायला गेले की दार बंद. हे काय असतं, ते या सभागृहात फोड करून सांगायला नको. एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागण्या मांडल्या आणि हंगामातला पहिला फुटबॉल सामना होऊ देणार नाही असं जाहीर केलं. टेक्सासमधल्या एल पासोच्या संघाविरुद्धचा तो सामना कॉलेजच्या अध्यक्षांनी खरोखरच रद्द केला. राज्याचे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. ते एडवर्ड्सवर आणि रद्द करण्याच्या निर्णयावर जाहीरपणे तुटून पडले. पुढच्याच महिन्यात एडवर्ड्स यांनी मानवी हक्कांसाठीचा ऑलिम्पिक प्रकल्प उभा केला. मेक्सिकोतला बिल्ला तिथून आला. आपल्याकडे १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं जिच्यावरून नाव घेतलं, ती ब्लॅक पँथर पार्टीही १९६६ साली याच परिसरात, ओकलंडमध्ये, सुरू झाली होती. त्या हवेचा विचार केल्याशिवाय ती मूठ कळत नाही.

म्हणजे मूठ मेक्सिकोत वर गेली, पण ती वळली होती सॅन होझेत. पुतळ्यातून नेमकं हेच गळलं आहे. आणि गंमत बघा, यामुळे कॉलेजची चांगली बाजूही गळली. सामना रद्द करणारे अध्यक्ष रॉबर्ट क्लार्क १९६८ साली सगळीकडून शिव्याशाप येत असताना स्मिथ आणि कार्लोस यांच्या बाजूनं जाहीरपणे उभे राहिले होते. संस्थेचा दोष आणि संस्थेचं धैर्य, दोन्ही या पुतळ्यात नाही. संस्थेनं स्वतःला चित्रातून काढून घेतलं, की गौरव सोपा होतो. मग कुणी विचारत नाही की ही मुलं आमच्याकडे राहत कुठे होती.

मोकळ्या पायरीचंही तसंच. तिथं उभं राहायला आज काही पडत नाही. नॉर्मन यांना पडलं होतं. १९७२ च्या ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियानं त्यांना नेलं नाही. कारणांबद्दल आजही वाद आहे, पण मायदेशात त्यांची उपेक्षा झाली हे तिथल्या संसदेनंच २०१२ साली माफी मागून मान्य केलं. तोवर नॉर्मन जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या पार्थिवाला खांदा दिला तो स्मिथ आणि कार्लोस यांनी. पायरीवर चढून मूठ उगारणाऱ्या विद्यार्थ्याला यातलं किती माहीत असतं? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चढायला सांगितलंय, तो चढतो. आजच्या विद्यापीठात कुणाच्या बाजूनं उभं राहायला किंमत पडेल, हा पुढचा प्रश्न स्मारकानं त्याच्यासमोर ठेवायला हवा होता.

आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हाला सर्वांत जास्त टोचते. प्रशिक्षक बड विंटर यांच्या हाताखाली सॅन होझेचा धावपटूंचा ताफा इतका गाजला की त्याला ‘स्पीड सिटी’ म्हणायचे. त्याच मेक्सिकोत ली इव्हान्स यांनी ४०० मीटरमध्ये ४३.८६ सेकंदांचा विश्वविक्रम केला. १९६९ साली कार्लोस असलेल्या संघानं कॉलेजला ॲथलेटिक्सचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. आणि १९८८ साली विद्यापीठानं पुरुषांचा हा संघच बंद केला. म्हणजे २००५ साली पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा टॉमी स्मिथसारखा एखादा मुलगा पळण्याच्या जोरावर या विद्यापीठात यायचं म्हणाला असता, तर त्याला घ्यायला संघच नव्हता! धावपटूंचा पुतळा होता, धावपटू नव्हते. संघ पुन्हा सुरू करायची घोषणा २०१६ साली झाली, आणि २०१८ मध्ये, त्या मुठीच्या पन्नासाव्या वर्षी, तो मैदानात उतरला. उशिरा का होईना, ते खरं स्मारक म्हणावं असं पाऊल होतं. खेळ आणि समाजबदल यांचा अभ्यास करणारी एक संस्थाही विद्यापीठानं काढली आणि तिच्याशी एडवर्ड्स यांना जोडून घेतलं. हेही नोंदवायलाच हवं.

आता जे या पुतळ्यात येऊच शकलं नसतं, त्याबद्दल थोडं. त्याच ऑलिम्पिकमध्ये वायोमिया टायस यांनी १०० मीटरचं सुवर्णपदक सलग दुसऱ्यांदा जिंकलं. असं करणारी ती जगातली पहिली व्यक्ती, बाई किंवा पुरुष. त्या गडद रंगाची शॉर्ट घालून पळाल्या, तोही निषेधच होता. रिलेचं सुवर्णपदक त्यांनी स्मिथ आणि कार्लोस यांना अर्पण केलं. पण त्या चळवळीनं स्त्री खेळाडूंना विश्वासात घेतलं नव्हतं, असं टायस यांनी पुढे स्पष्ट सांगितलं. एकाच फोटोचं स्मारक केलं, की फोटोच्या चौकटीबाहेरची माणसं दुसऱ्यांदा बाहेर राहतात.

टायस या नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेटच्या. ते मुळातच कृष्णवर्णीयांसाठी काढलेलं विद्यापीठ. १९६० साली रोममध्ये तीन सुवर्णपदकं जिंकणाऱ्या विल्मा रुडॉल्फही तिथल्याच. या मुलींचे प्रशिक्षक एड टेम्पल समाजशास्त्र शिकवायचे. त्यांच्या हाताखालच्या ४० जणी ऑलिम्पिकला गेल्या आणि त्यातल्या ३९ जणींनी पदवी पूर्ण केली, हा आकडा तिथं पदकांच्या बरोबरीनं सांगतात. हा गौरव वेगळा आहे. यात पळणारी मुलगी आधी विद्यार्थिनी आहे.

याच्या शेजारी ओहायो स्टेट ठेवून बघा. जेसी ओवेन्स १९३५ साली तासाभराच्याही आत विश्वविक्रमांमागून विश्वविक्रम करत होते, आणि कृष्णवर्णीय म्हणून त्यांना विद्यापीठाच्या आवारात राहता येत नव्हतं. शिष्यवृत्ती नव्हती, कामं करून शिकत होते. पदवी पूर्ण झाली नाही. १९७२ साली विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. आज तिथल्या मैदानाला त्यांचं नाव आहे. नाव द्यायला कुणाचीच हरकत नाही. पण अशा माणसाला ‘आमचा’ म्हणताना त्याला आपण काय दिलं नव्हतं हेही त्याच पाटीवर लिहिलं, तर ती पाटी विद्यार्थ्यांना काही शिकवेल.

समारोप करताना आमचं म्हणणं एवढंच. सॅन होझेचा पुतळा पाडावा किंवा बदलावा असं आम्हाला अजिबात वाटत नाही. तो सुंदर आहे, विद्यार्थ्यांनी मागितलेला आहे, आणि त्याच्या मोकळ्या पायरीवर उभं राहून एखाद्याच्या अंगावर काटा येत असेल तर ती खरीच भावना आहे. पण कुठल्याही विद्यापीठाचा असा गौरव बघताना आपण तीन साध्या गोष्टी विचारत जाऊ. ही मुलं शिकत असताना राहत कुठे होती? त्यातल्या किती जणांच्या हातात पदवी पडली? आणि त्यांच्यासारख्या मुलांना आज त्या दारातून आत यायला वाट आहे का? पुतळ्याच्या पाटीवर ही उत्तरं मिळत नाहीत. ती विद्यापीठाच्या वसतिगृहात, परीक्षा विभागात आणि मैदानावर शोधावी लागतात.

इथं थांबतो. प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे, अवश्य विचारा.