लांडग्याचा वेग

'नाइट लोअर' १९८४मध्ये आला, माझ्या जन्माच्या दहाएक वर्षं आधी. त्यामुळे पुढचं सगळं स्मरणरंजन म्हणून उडवून लावता येणार नाही. स्पेक्ट्रम मी कधी हाताळलेला नाही. पुण्याच्या डेसिबेल्सने परवाना घेऊन तो इथे विकला होता, हेही मला फार उशिरा कळलं.

'अल्टिमेट' कंपनीचा हा खेळ. सेबरमन शापित आहे, रात्र झाली की त्याचा लांडगा होतो, आणि चाळीस दिवसांत उतारा शोधायचा आहे. वाड्यातली प्रत्येक खोली तिरप्या कोनातून, त्रिमितीचा भास देत काढलेली. हे सगळं ३.५ मेगाहर्ट्झच्या झेड८० प्रोसेसरवर. साहजिकच, खोलीत हलणाऱ्या वस्तू वाढल्या की खेळ जड होतो. सेबरमन, चेंडू, भूत, सगळे गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखे.

इम्युलेटरमध्ये यावर उपाय आहे: फक्त प्रोसेसर वेगवान करायचा. मी ७ मेगाहर्ट्झ केले. गर्दीच्या खोल्या मोकळ्या वाटायला लागल्या आणि मोकळ्या खोल्यांत सेबरमन चावी दिलेल्या खेळण्यासारखा धावू लागला. दहा मिनिटं मजा आली. मग लक्षात आलं, की मी सारखा मरतोय.

कारण जडपणा नेमका धोक्याच्या ठिकाणी येत होता. जिथे उडी चुकली तर जीव जाणार, तिथेच खेळ तुम्हाला विचार करायला वेळ देत होता. लेखकांनी हे ठरवून केलं का? बहुधा नाही. पण त्यांनी खोल्या याच वेगात खेळून पाहिल्या असणार, अवघड-सोपं याच वेगात जोखलं असणार. 'त्यांना वेगवान यंत्र मिळालं असतं तर त्यांनी वापरलंच असतं' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. वापरलं असतं, मान्य. पण मग खोल्याही वेगळ्या रचल्या असत्या.

या यंत्रात काळ वेगळा ठेवलेलाच नव्हता म्हणा ना. स्पीकरचा आवाज म्हणजे प्रोसेसरने मोजून मारलेल्या फेऱ्या. वेग दुप्पट केला की सूर एक सप्तक वर जातो. कॅसेटवरचे ठोकेही तसेच मोजले जातात. कॅसेट मूळ वेगात ठेवून प्रोसेसर पळवला तर लोडिंग फसतं.

ऑफिसात माझं काम मिलिसेकंद कापण्याचं आहे. संथ म्हणजे बिघडलेलं, हे माझ्या अंगवळणी पडलंय, आणि त्याच सवयीने मी हा खेळ 'दुरुस्त' करायला गेलो होतो.

आता वेग १०० टक्क्यांवर आहे. लोडिंग मात्र मी अजूनही गाळतो, कबूल आहे. एकदाच पूर्ण बसून पाहिलं: आधी चित्राच्या ६१४४ बाइट, रंगाशिवाय, ओळी मागेपुढे उगवत, मग शेवटच्या ७६८ बाइटमध्ये वरून खाली रंग भरत गेला. चहा निवला होता.