डब्यावरचा आकडा आणि तालमीतला पैलवान

मंडळी, कोल्हापुरात खुराकावर बोलायचं म्हणजे धाडसच. गल्लोगल्ली तालीम, आणि प्रत्येक तालमीत एक तज्ज्ञ! आता दूध-बदाम-थंडाईच्या शेजारी पावडरचा डबा आलाय, आणि डब्याबरोबर ‘संशोधनानं सिद्ध’ हे शब्द. आज त्या शब्दांचीच झडती घेऊ.

बीसीएए घ्या. २०१७च्या एका अभ्यासात ते प्यायल्यावर स्नायूंतली प्रथिननिर्मिती २२ टक्के जास्त दिसली. ऐकणारा समजतो, स्नायू २२ टक्के वाढले. मूळ लेख उघडा. माणसं दहा. मोजमाप व्यायामानंतरच्या चार तासांचं. तुलना कशाशी? प्रथिनं नसलेल्या पेयाशी. म्हणजे पेलाभर दूध प्यायलेल्या पोराला याचा जास्तीचा फायदा किती, हा प्रश्न तिथं विचारलेलाच नाही. अभ्यास खोटा नाही. त्यातून काढलेला अर्थ खोटा आहे.

आता मोठा पुरावा. २०१८ साली मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी ४९ अभ्यास, १८६३ माणसं एकत्र तपासली. वजनाच्या व्यायामाला जादा प्रथिनांची जोड दिल्यावर चरबीविरहित वजनात सरासरी फरक पडला सुमारे ३०० ग्रॅमचा. शिवाय दिवसाला, शरीराच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढं फायदा थांबतो. ७० किलोच्या पोराला ११२ ग्रॅम झाले. त्यातले तीसेक ग्रॅम लिटरभर दुधातच मिळतात की!

आणि डब्यात तरी लिहिलेलं असतं का? २०२४ साली केरळच्या डॉ. सिरियाक अॅबी फिलिप्स यांच्या गटानं भारतात विकली जाणारी ३६ उत्पादनं तपासली. जवळपास ७० टक्क्यांमध्ये प्रथिनांची माहिती चुकीची निघाली, काहींत बुरशीचं अफ्लाटॉक्सिन. ते यकृताला घातक. पण हा अभ्यासही जपून वाचा: तो डब्यात काय आहे ते सांगतो, भारतातल्या सगळ्याच डब्यांबद्दल बोलत नाही.

तालमीलाही सवलत नको. ‘अमक्यानं हजार बैठका मारल्या, म्हणून खासबाग गाजवलं’ असं आपण म्हणतो. तेवढ्याच मारून गुडघे धरून बसलेला आपल्याला दिसतच नाही, कारण तो मैदानात येत नाही.

म्हणून डबा असो की वस्ताद, चार प्रश्न विचारा: किती माणसं? कशाशी तुलना? काय मोजलं? फरक केवढा? घरची म्हैस विकून डबे आणणाऱ्या बापाला एवढा हिशेब तरी मिळायलाच हवा.