एक देह, अनेक आत्मे

संशोधन-निबंधाचं रसग्रहण म्हटलं की कपाळाला आठ्या पडणारच. पण केंब्रिजच्या फ्रँक स्तायानो आणि रॉस अँडरसन यांच्या १९९९च्या निबंधाचं नावच ‘द रिझरेक्टिंग डकलिंग’ आहे, म्हणजे मरून पुन्हा जिवंत होणारं बदकाचं पिल्लू. विषय तसा रुक्ष. बिनतारी उपकरणं आपापसांत जोडली जाणार, मध्ये सर्व्हर नाही, ‘हा आपलाच’ अशी साक्ष द्यायला कोणी नाही. मग ओळख पटायची कशी?

त्यांनी प्राणिवर्तनाचा अभ्यासक कोनराड लोरेंझ याच्या पक्ष्यांकडे पाहिलं. अंड्यातून बाहेर येताच जे हलतंबोलतं दिसेल, त्याला पिल्लू आई मानतं. तसंच नव्या उपकरणाला जो पहिल्यांदा गुप्त किल्ली देईल, तो त्याचा धनी. पण पहिला येणारा लबाड निघाला तर? किल्ली हवेतून पाठवूच नका, दोन्ही उपकरणं एकमेकांना टेकवा, असं ते सुचवतात. जंतुनाशकाच्या भांड्यातून डॉक्टरबाई एक थर्मामीटर उचलतात, हातातल्या छोट्या संगणकाला लावतात. त्याचं नावगाव कोण विचारतो? उचलला तो आपला झाला, की काम भागलं. सुरक्षाशास्त्रात इतका निवांत प्रसंग क्वचित भेटतो.

खरी बहार पुढे आहे. काम संपलं की पिल्लू मरतं, म्हणजे धन्याला विसरतं, आणि नव्या धन्यासाठी पुन्हा जन्मतं. लेखक याला उलटा पुनर्जन्म म्हणतात. गीतेचा दुसरा अध्याय कानावरून गेलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल: तिथे आत्मा एक आणि देह वस्त्रांसारखे, इथे देह एक आणि आत्मे बदलते. नवी मुंबईत तर हे नित्याचंच. खारघर-नेरूळच्या फ्लॅटांत अकरा महिन्यांच्या करारावर बिऱ्हाडं बदलतात, दाराचं स्मार्ट कुलूप तेच राहतं. जुन्या भाडेकरूच्या मोबाइलला ते अजून उघडत असेल, तर पिल्लू नीट मेलेलं नाही.

मारायचा हक्क मात्र ऐऱ्यागैऱ्याला नको, नाहीतर चोर आधी मारेल आणि मग आई होऊन बसेल. धन्याचीच किल्ली हरवली तर? त्यासाठी उत्पादकाकडे राखीव हुकूम ठेवायचा पर्याय लेखक देतात आणि त्याला सामुराईच्या आत्महत्येचं नाव देतात. बदकांच्या तळ्यात हे जपानी पात्र मला उपरं वाटतं. शिवाय ज्या मध्यस्थाला एवढ्या कौशल्यानं बाहेर काढलं, तोच इथे मागल्या दारानं आत येतो.