शासकीय पारितोषिके : सोव्हिएट अनुभव व मराठी साहित्य

साहित्य, कला व विज्ञान या क्षेत्रांतील कर्तृत्वाचा शासनाने सार्वजनिक निधीतून केलेला गौरव म्हणजे शासकीय पारितोषिक. राजाश्रयाची परंपरा प्राचीन असली, तरी परीक्षक समिती, ठरावीक रक्कम आणि वार्षिक घोषणा हे तिचे नियमबद्ध रूप प्रामुख्याने विसाव्या शतकातील आहे. अशा पारितोषिकाची चिकित्सा करताना मानकऱ्यांच्या यादीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न हा, की अंतिम निर्णय कोणाचा होता : जाणकारांचा की सत्तेचा?

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण सोव्हिएट संघात आढळते. तेथे १९२५ मध्ये लेनिन पारितोषिक सुरू झाले व १९३० नंतरच्या दशकात ते बंद पडले. स्टालिनच्या साठाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने डिसेंबर १९३९ मध्ये स्टालिन पारितोषिकांची स्थापना झाली आणि १९४१ मध्ये ती प्रथम देण्यात आली. पहिल्या श्रेणीस एक लाख व दुसऱ्या श्रेणीस पन्नास हजार रूबल मिळत. लेखक-कलावंतांची समिती कृतींची चर्चा करून गुप्त मतदान घेई. परंतु तिची यादी ही केवळ शिफारस असे. ती पक्षश्रेष्ठींकडे जाऊन अखेरीस स्टालिनसमोर येई आणि तेथे नावे गाळली जात, घातली जात, श्रेणीही बदलत.

या पद्धतीमुळे गौरवाला स्थैर्य उरले नाही. सर्गेई आयझेनस्टाइन यांच्या इव्हान द टेरिबल  या चित्रपटाच्या पहिल्या भागाला १९४६ मध्ये पहिल्या श्रेणीचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी दुसरा भाग निषिद्ध ठरला व तो १९५८ पर्यंत प्रदर्शित झाला नाही. संगीतकार शोस्ताकोविच यांना १९४१, १९४२ व १९४६ मध्ये गौरविण्यात आले, १९४८ मध्ये रूपवादाचा ठपका ठेवून त्यांची निर्भर्त्सना झाली आणि १९५० मध्ये पुन्हा पारितोषिक मिळाले. या काळात त्यांची प्रतिभा बदलली नव्हती. राज्यकर्त्यांची मर्जी बदलली होती. विज्ञानात याचे परिणाम अधिक दारुण झाले. लागवडीखालील वनस्पतींच्या उगमकेंद्रांवरील संशोधनाबद्दल १९२६ मध्ये लेनिन पारितोषिक मिळविणारे न्यिकलाय व्हाव्हिलॉव्ह यांना १९४० मध्ये अटक झाली व १९४३ मध्ये सारातॉव्ह येथील तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. आनुवंशिकीविज्ञान नाकारणाऱ्या लिसेंको यांना मात्र तीन वेळा स्टालिन पारितोषिक लाभले. स्टालिनच्या मृत्यूनंतर या पारितोषिकाचे नावही टिकले नाही. १९६६ मध्ये ‘राज्य पारितोषिक’ स्थापन झाल्यावर जुन्या मानकऱ्यांनाही त्याच नावाने ओळखण्यात येऊ लागले.

मराठी साहित्याचा या व्यवस्थेशी संबंध आला तो सोव्हिएट लँड नेहरू पारितोषिकाच्या रूपाने. सोव्हिएट दूतावासाच्या सोव्हिएट लँड  या नियतकालिकातर्फे हे पारितोषिक भारतीय लेखकांना दिले जाई. नारायण सुर्वे यांना १९७३ मध्ये व नामदेव ढसाळ यांना १९७४ मध्ये ते मिळाले. माझे विद्यापीठ  (१९६६) या संग्रहाच्या कवीची निवड वैचारिक नात्याने समजण्यासारखी आहे. गोलपिठा  (१९७२) ची गोष्ट निराळी. मुंबईच्या वेश्यावस्तीचे दाहक चित्रण आणि शिष्टसंमत भाषेची त्यातील मोडतोड समाजवादी वास्तववादाच्या सोव्हिएट चौकटीत बसणारी नव्हती. जे धाडस मॉस्कोतील कवीला महाग पडले असते, त्याचा मुंबईतील कवीच्या बाबतीत गौरव झाला. पारितोषिकामागे परराष्ट्रनीती असली, तरी त्यामुळे कवितेचे मोल वाढत वा घटत नाही, याचा हा पुरावाच होय.

महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांनाही हीच कसोटी लावावी लागते. आरंभ आश्वासक होता. अण्णाभाऊ साठे यांच्या फकिरा  (१९५९) या कादंबरीला १९६१ मध्ये राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. अण्णाभाऊ साम्यवादी होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या शाहिरीने राज्यकर्त्या पक्षावरच कोरडे ओढले होते. त्याच पक्षाचे यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. विरोधकाच्या साहित्यगुणाला मान देण्यात शासनाची प्रतिष्ठा उणावली नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये नेमके उलट घडले. कोबाड गांधी यांच्या फ्रॅक्चर्ड फ्रीडम  या पुस्तकाच्या अनघा लेलेकृत अनुवादाला जाहीर झालेला यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार घोषणेनंतर आठवड्याच्या आत, प्रशासकीय कारण देऊन रद्द करण्यात आला आणि परीक्षण समितीही बरखास्त झाली. नक्षलवादाच्या उदात्तीकरणाला सार्वजनिक निधीतून मान देता येणार नाही, अशी शासनाची भूमिका होती. हा आक्षेप विचारार्ह मानला, तरी तो निवडीआधी नियमात असावयास हवा होता. निकालानंतर निकाल फिरविणे हे नियमाचे लक्षण नव्हे. आनंद करंदीकर व शरद बाविस्कर या लेखकांनी आपले पुरस्कार नाकारले आणि लक्ष्मीकांत देशमुख यांनी भाषा सल्लागार समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. अनुवादासाठीचा हा पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाचा होता. साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ते १९६० पासूनचे पहिले अध्यक्ष. शासनाच्या आधाराने विद्येचे कार्य विद्वानांच्या निर्णयाने चालविता येते, हे त्यांनी दीर्घकाळ कृतीने दाखवून दिले होते.

दोन्ही अनुभवांत अंतर फार मोठे आहे. येथे पुरस्कार गमावणाऱ्याला तुरुंग दिसला नाही. पुस्तक विक्रीत राहिले, निषेध जाहीरपणे करता आला. लोकशाहीतील हा भेद मोलाचाच आहे. परंतु समितीचा कौल केवळ शिफारस ठरला, की पारितोषिकाचे स्वरूप दोन्हीकडे एकच होते. मग ते साहित्याविषयी काही सांगत नाही. त्या त्या वेळी सत्तेला काय रुचत होते, एवढेच सांगते. शासनाने निधी द्यावा, नियम आधी घालून द्यावेत, परीक्षक काळजीपूर्वक निवडावेत आणि नंतर त्यांचा निर्णय, न रुचला तरी, मानावा. न रुचलेला निर्णय मानण्यातच शासकीय पारितोषिकाची पत असते.